संध्याकाळची बाजू

नवी बॅटरी उचलताना बाबा मागच्या मागे पडले, आणि आई गेल्यापासून घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. हसले ते बाबाच. अंगणात उताणे, बॅटरी छातीवर तशीच धरून.

चूक त्यांची नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी ॲसिडच्या बॅटऱ्या उचलल्या होत्या. साठ किलोचं धूड उचलायचं म्हणजे आधी पाय फाकवायचे, गुडघ्यात वाकायचं, दात आवळायचे आणि सगळं अंग एका झटक्यात मागे टाकायचं. ही सवय इतकी मुरली होती की जेवून उठतानाही ते दात आवळायचे. नवी बॅटरी बावीस किलोची होती. त्यांनी साठ किलोचा झटका दिला. उरलेले अडतीस किलो त्यांना घेऊन पडले.

"हिच्यात आहे तरी काय?" त्यांनी पडल्या पडल्या विचारलं.

"लिथियम आयर्न फॉस्फेट."

ताई दारातून म्हणाली, "एवढं लांब नाव आपल्या घराण्यात कुणाचंच नाही. जपून वागायला हवं तिच्याशी."

मी त्यांना उठवलं. त्यांनी कपडे झटकले, बॅटरी ओट्यावर ठेवली आणि तिच्याभोवती एक चक्कर मारली. मग उलट्या बाजूने दुसरी. ते टोपणं शोधत होते. ॲसिडच्या बॅटरीला सहा टोपणं असतात. ती उघडायची, आत डोकवायचं, पाणी कमी असेल तर घालायचं. बाबांनी जन्मभर तेच केलं. सायकलच्या मागे बॅटरीच्या पाण्याचा कॅन बांधून घरोघर जायचे. लोक त्यांना पाणीवाले म्हणत. बाहेरगावचा माणूस त्यांच्याकडे प्यायचं पाणी मागायचा, आणि मग त्याला बसवून ॲसिड म्हणजे काय ते समजवावं लागायचं.

"पाणी कुठून घालायचं हिला?"

"घालायचं नसतं, बाबा."

"कधीच?"

"कधीच. दहा वर्षं बघायला नको."

"मग मी काय करायचं?"

मला वाटलं ते बॅटरीबद्दल विचारतायत. म्हणून मी सांगितलं, "काही नाही."

बॅटरी मी कामावरून आणली होती. शहरातल्या एका कारखान्यात मी फिरत्या घरांचं वायरिंग करतो. पक्कं घर असताना दुसऱ्या घराला चाकं लावून त्यात राहायला जाणारे लोक असतात, त्यांच्या गाड्या. छपरावर सोलर, पलंगाखाली बॅटरी. एक गाडी तिच्या गिऱ्हाइकाने झाडावर घातली होती. झाडाला काही झालं नाही. गाडी मोडीत निघाली. तिची बॅटरी आणि सोलर कारखान्याच्या मालकांनी मला दिलं, आई गेली म्हणून. त्यांना दुसरं काय द्यावं ते सुचलं नसणार. बॅटरीवर समुद्राचं चित्र चिकटवलेलं होतं.

घरात तिची गरज होती ती कपाटासाठी.

कपाट म्हणजे आईचं कपाट. तीस वर्षांपूर्वी बाबांनी लग्नातल्या लाकडी कपाटातले कपडे बाहेर काढून, आत लोकर ठोकून, गाडीचे चार दिवे आणि एक पंखा बसवून, त्यात बदकाची अंडी उबवायची सोय करून दिली. कपडे तेव्हापासून खुर्चीवर. दरवर्षी आई त्यात शहाण्णव अंडी लावायची. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. सकाळी फुली वर, संध्याकाळी गोल वर. अंडं फिरवलं नाही तर पिल्लू आत कवचाला चिकटतं. कृषी खात्याच्या पुस्तकात दिवसातून तीनदा फिरवा असं होतं. आई म्हणायची, पुस्तकाने एकदा स्वतः उबवून दाखवावीत.

बदकांना अठ्ठावीस दिवस लागतात. चौदाव्या दिवशी आई गेली.

आदल्या संध्याकाळी तिने अंडी फिरवली होती. गोल वर केला होता. ताईला मीठ जास्त पडलं म्हणून बोलली, बाबांना चपला आत आणल्या म्हणून बोलली, मला फोनवर बारीक झालास म्हणाली, फोनवरच. सकाळी उठली नाही. डॉक्टर म्हणाले, आधी काही जाणवलं का? दम, घाम, काहीतरी? बाबा म्हणाले, काहीच नाही. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. बाबा म्हणाले, मीठ जास्त झालं म्हणाली.

आईला पोचवून आलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. बाबा मधोमध बसले होते. सहा वाजले तसे ते उठले. लोकांना वाटलं त्यांना हुंदका आला. दोघेतिघे आधाराला मागे गेले. बाबांनी कपाट उघडलं आणि गोल वर करायला सुरुवात केली. आधाराला गेलेले लोक तिथेच उभे राहिले, मग त्यातल्या एकाने खालचा ट्रे धरला.

जुनी बदकं आईने ही अंडी लावल्यावर विकून टाकली होती. म्हातारी झाली होती. नवा कळप या शहाण्णवातून व्हायचा होता. म्हणजे ही अंडी गेली की आईची बदकं संपली.

अठराव्या दिवशी वादळ झालं आणि विजेचे अकरा खांब आडवे झाले. वायरमन म्हणाला, पंधरा दिवस. कपाट बाबांच्या दोन जुन्या ॲसिड बॅटऱ्यांवर आलं. कपाटाच्या दारावर बाबांनी एक छोटा दिवा लावलेला होता, स्कूटरच्या मागचा. तो बाबांचा काटा. बॅटरी भरलेली असली की दिवा पांढरा. उतरायला लागली की पिवळा. नारिंगी झाला की दोन तास उरले, लाल झाला की अर्धा. बाबा खुर्चीत बसून त्या दिव्याकडे बघत, आणि त्यांची एवढी खात्री असे की लोक त्यांना बॅटरी दाखवायला आणत तेव्हा दिवाही सोबत आणत.

एकोणिसाव्या दिवशी दिवा नारिंगी झाला. बाबा उठले, गिरणीवाल्याकडे गेले, त्याचं जनरेटर आणलं, वेळेत. विसाव्या दिवशी पहाटे रिकामी झालेली एक बॅटरी थंडीने गोठली आणि फुटली. पाणीवाल्यांच्या शेडमध्ये बॅटरी फुटली ही बातमी गिरणीपर्यंत पोचली. गिरणीवाला चांगला माणूस. तो फक्त एवढंच म्हणाला, "पाणी जास्त झालं का?"

त्याच दिवशी, रविवारी, मी नवी घेऊन आलो.

"कुठे ठेवू?" मी विचारलं. माझ्या मनात स्वयंपाकघर होतं, कपाटाच्या शेजारी, चुलीची ऊब असते तिथे.

"मागच्या शेडमध्ये," बाबा म्हणाले. "घरात नको. तुझ्या आईला वास सहन होत नाही."

ताई भांडी घासत होती. तिचा हात थांबला आणि परत सुरू झाला.

ॲसिडच्या बॅटरीला वास असतो. चार्ज होताना वायू निघतो, आईला खोकला यायचा, म्हणून फार वर्षांपूर्वी बाबांनी बॅटऱ्या घरामागच्या दगडी शेडमध्ये हलवल्या होत्या, जिथे बारा महिने ऊन येत नाही. या बॅटरीला वास नसतो. ती पलंगाखाली ठेवतात, लोक तिच्यावर झोपतात. शिवाय तिला एक खोड आहे. तापमान शून्याखाली गेलं की ती वीज देते, पण घेत नाही. आत एक सर्किट असतं, ते चार्जिंग बंद करतं, नाहीतर पेशी खराब होतात. हे मी गिऱ्हाइकांना गाडी देताना दरवेळी सांगतो. त्यांच्याकडून सही घेतो.

बाबांना सांगायचं म्हणजे आधी वासाचं सांगावं लागलं असतं. आणि वासाचं सांगायचं म्हणजे.

मी बॅटरी शेडमध्ये नेऊन ठेवली. पूर्ण भरलेली होती. मोडलेल्या गाडीचं सोलर घराच्या छपरावर टाकून त्याच्या वायरी जोडल्या, कपाटाच्या वायरी जोडल्या. दारावरचा दिवा पांढरा लागला, एवढा पांढरा की ताई म्हणाली, याच्याखाली शिवण करता येईल. बाबांनी खुर्ची दिव्यासमोर ओढली.

"लाल झाला की गिरणीवाल्याकडे जातो," ते म्हणाले. "तू जा कामावर."

सोमवारी मी गेलो. सोमवारपासून थंडीचा कडाका आणखी वाढला. आभाळ एकदम स्वच्छ, दिवसभर ऊन, आणि सावलीतलं डबकं दुपारीही दगड. ताईच्या साध्या फोनवर मी रोज संध्याकाळी फोन करायचो.

"ऊन आहे?"

"डोळे उघडवत नाहीत एवढं आहे."

"मग भरली असेल. दिवा?"

ती बाबांना विचारायची. मागून बाबांचा आवाज यायचा, "पांढरा."

सोमवारी पांढरा. मंगळवारी पांढरा. बुधवारी बाबांनी स्वतः फोन घेतला. "बॅटरी चांगली आहे रे तुझी," ते म्हणाले. "जरासुद्धा पिवळा नाही. मी नऊ वाजेपर्यंत बसतो रोज. बघत असतो."

मी म्हणालो, झोपा आता निवांत.

गुरुवारी सकाळी सहाला ताईचा फोन आला. "दिवा गेला," ती म्हणाली. "पिवळा नाही, लाल नाही. गेलाच."

तेव्हा मला सगळं एकदम कळलं, जसं कळून उपयोग नसताना कळतं तसं. ॲसिडची बॅटरी उतरताना दम टाकत उतरते. ही तसं करत नाही. भरलेली असो की शेवटचा घोट उरलेला असो, तिचा जोर तोच. शेवटच्या मिनिटापर्यंत दिवा पांढरा, आणि मग काळोख. तीन दिवस सोलरचं ऊन शेडच्या दारात येऊन परत गेलं होतं. भरलेली बॅटरी कपाटाला साडेतीन दिवस पुरते. हिशेब अगदी बरोबर निघाला.

मालकांची गाडी घेऊन आठला घरी पोचलो. अंगणात कुणी नाही. आत गेलो तर बाबा पलंगावर उताणे, गळ्यापर्यंत तीन गोधड्या, हात आत. ताई खाली गादीवर, तशीच.

"हलू नकोस," बाबा म्हणाले.

"मी उभा आहे बाबा."

"दार लाव. माझ्याकडे पन्नास आहेत, हिच्याकडे सेहेचाळीस."

"बाबा, मी..."

"हात गरम आहेत का तुझे? मग पायांकडची चार घे. माझ्या पायात ऊब राहिलेली नाही."

मी गोधडीखाली हात घातला. अंडी त्यांच्या पोटऱ्यांना लावलेली होती. त्यांचे पाय अंड्यांपेक्षा गार होते. मी चार अंडी शर्टात घातली आणि पलंगाच्या कडेला बसलो, आईच्या बाजूला. आम्ही तिघं तसेच बसलो, म्हणजे दोघं झोपलो आणि एक बसला. कुणाला शिंक आली तर काय, असा विचार माझ्या मनात आला, आणि लगेच ताई शिंकली. बाबांनी डोळे मिटून घेतले.

"फुटलं?"

"नाही."

गिरणीवाला जनरेटर हातगाडीवर घालून साडेआठला आला. त्याने आत पाय ठेवला तसं बाबांनी त्यालाही सहा अंडी दिली. म्हणजे ताईने दिली, कोटाच्या आत, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. आता त्याला जनरेटर सुरू करायला वाकता येईना. तो अंगणात ताठ उभा राहून मला सांगत होता आणि मी शर्टात चार अंडी घेऊन दोरी ओढत होतो. पाचव्या झटक्याला ते लागलं. बाबांच्या जुन्या चार्जरमधून कपाटाचे चार दिवे पेटले. मग आम्ही सगळ्यांच्या अंगावरची अंडी काढून ट्रेमध्ये ठेवली. गिरणीवाल्याने खिशातून सहावं काढलं, दोन्ही हातांनी दिलं आणि म्हणाला, "वहिनींची आहेत." मग तो पोत्यांचं काहीतरी निमित्त सांगून गेला.

मी फोन घेऊन शेडमध्ये गेलो. बॅटरीची माहिती फोनवर येते, पण दहा पावलांच्या आत, आणि फोन माझा. चार्ज शून्य. तापमान उणे चार. खाली हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं की चार्जिंग थांबवलेलं आहे, बॅटरी सुरक्षित आहे.

मी बॅटरी उचलून घरात आणली आणि चुलीशेजारी ठेवली. बाबा खुर्चीत बसले होते. दिव्याकडे तोंड करून, सवयीने.

"थंडीत ती चार्ज घेत नाही," मी म्हणालो. "मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात शेडमध्ये ठेव."

"मी तर म्हणतच असतो. तू कधी ऐकतोस?"

"या वेळी ऐकलं."

मी पुढचं बोलायला नको होतं, पण बोललो. "तुम्ही म्हणालात, आईला वास सहन होत नाही."

"असं म्हणालो मी?"

ताईने होकारार्थी मान हलवली.

बाबांनी बॅटरीवरच्या समुद्राच्या चित्रावर हात फिरवला. मग वाकून तिला नाक लावलं. हुंगलं. "नाही येत," ते म्हणाले.

थोड्या वेळाने म्हणाले, "मी बघत होतो रे. नऊपर्यंत. जरा पिवळा झाला असता तरी उठलो असतो." त्यांनी हात मांडीवर पालथे ठेवले. "तिच्याही वेळी मी बघतच होतो. शेजारीच तर होतो."

पंचविसाव्या दिवशी बाबांनी एकेक अंडं टॉर्चसमोर धरलं. जिवंत असेल तर आत सावली हलते. ते धरायचे, थांबायचे, आणि म्हणायचे, "आहे," किंवा, "बघू." नाही असं एकदाही म्हणाले नाहीत. ताई वहीत दोन रांगा करत होती. बघूची रांग पान उलटून मागे गेली. बघूची अंडीसुद्धा त्यांनी कपाटात परत ठेवली.

अठ्ठाविसाव्या दिवशी अकरा पिल्लं निघाली. ओली, चिडलेली, काही कारण नसताना आरडाओरडा करणारी. बदकाचं पिल्लू पहिल्यांदा जे हलताना बघतं त्याला आई समजतं. कपाटासमोर खुर्चीत बाबाच होते. दुसऱ्या दिवसापासून ते जिथे जातील तिथे मागे अकरा पिवळे गोळे. बाबा मोरीत गेले की बाहेर रांग. गिरणीवाल्याने रस्त्यात बघून टोपी काढली. पहिल्यासाठी की मागच्या अकरांसाठी, ते त्यानेच ठरवलं असेल.

बाकीच्यांसाठी बाबांनी आणखी दोन दिवस कपाट चालू ठेवलं. बॅटरी चुलीशेजारी मजेत भरत होती. मी फोन बघून आकडा सांगायचो, ब्याण्णव टक्के, अठ्ठ्याण्णव टक्के. बाबा हं म्हणायचे. दिव्याकडे ते आता बघत नव्हते. खुर्चीची पाठ त्यांनी तिकडे केली होती.

तिसाव्या दिवशी, दुपार टळल्यावर, त्यांनी स्वतःच वायर काढली. पंच्याऐंशी अंडी दोन टोपल्यांत भरली. परड्यात जमीन गोठलेली होती. मी पहारीने वरचा थर फोडला, मग फावड्याने कमरेएवढा खड्डा केला. ताई म्हणाली, ओता आता, थंडी वाढते आहे.

बाबांनी टोपली ओतली नाही. ते खड्ड्यात उतरले. मी वरून एकेक अंडं देत होतो, ते खाली मांडत होते, ट्रेमध्ये मांडतात तसं, शेजारी शेजारी. प्रत्येकावर आईची पेन्सिल होती. फुल्या तिरक्या, गोल जरा लांबट, घाईत काढलेले. ते हातात घेत, फिरवून बघत, आणि ठेवत. अकरा पिल्लं खड्ड्याच्या काठावर जमून खाली बघत ओरडत होती.

"बाबा, कसंही ठेवा ना," ताई म्हणाली.

"कसंही कसं," बाबा म्हणाले. "संध्याकाळ झाली."

पंच्याऐंशी गोल वर झाले. एक कोपऱ्यातलं घरंगळून फुलीवर आलं होतं. ते त्यांनी परत फिरवलं. मग उभे राहिले, पाय फाकवले, दात आवळले आणि वर यायला माझ्याकडे हात केला.

मी तो धरला आणि त्यांना बाहेर काढायला लागतो तेवढा नेहमीचा झटका दिला, आणि मागच्या मागे पडता पडता वाचलो.